पुस्तकं उसवणाऱ्या बाई

बाईंच्या हातात नवं पुस्तक देऊ नये, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

हैदराबादेत आबिड्सच्या एका दुकानातून मी ते खास मागवून घेतलं होतं. शिकण्यात अडचण असलेल्या मुलांच्या आईबापांसाठी लिहिलेलं, जाडजूड, गुळगुळीत कागदाचं. मुखपृष्ठावर एक हसरी आई आणि तिच्याहून हसरं मूल. आपण किती गंभीर पालक आहोत हे पहिल्याच भेटीत दिसावं म्हणून मी ते दोन्ही हातांनी बाईंपुढे धरलं. बाईंनी त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "शिवलेलं हाय का चिकटवलेलं?"

मला काय माहीत? माझा सगळा जन्म कॉम्प्युटरपुढे गेला. पुस्तकं शिवतात हेच मला त्या दिवशी कळलं.

"चिकटवलेलं," बाईंनी स्वतःच निकाल दिला. "आता शिवत नाहीत मेले." मग खुर्चीखालचा पत्र्याचा डबा ओढला, त्यातली सुरी काढली आणि ती पुस्तकाच्या पाठीत खुपसली. माझी बायको वृंदा दचकून भिंतीला टेकली. सुरी वरून खाली चालली होती आणि बाई माझ्याशी बोलत होत्या.

"नाव काय लेकराचं?"

"मुक्ता."

"कितवीला?"

"पाचवीला. पण बाई, ते पुस्तक..."

"शाळेत जायच्या आधी पोट दुखतं का तिचं?"

मी वृंदाकडे पाहिलं. रोज दुखायचं. हे आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं.

काचीगुड्याला स्टेशनच्या मागच्या गल्लीत, एका झेरॉक्सच्या दुकानावर बाईंच्या दोन खोल्या होत्या. एकीत बाई राहायच्या आणि दुसरीत पुस्तकं. मराठी, इंग्रजी, तेलुगू, उर्दू, सगळी एकाच विषयावरची: वाचणं, लिहिणं, आकडे जुळवणं जड जाणारी मुलं आणि त्यांना वाढवणारे आईबाप. त्यातलं एकही अखंड नव्हतं. प्रत्येकाचे सोळासोळा पानांचे तुकडे करून, दाभणानं टोचून, जाड दोऱ्यानं बांधून ठेवलेले. त्याला त्या छापखान्यातल्या शब्दानं 'फर्मा' म्हणायच्या. आईबापांना एका वेळी एक फर्मा मिळायचा. तो जिरला असं बाईंना पटलं, की पुढचा.

"अख्खं पुस्तक दिलं की काय होतं?" मी एकदा हिय्या करून विचारलं.

"दोन दिसांत वाचून काढतात. मग लेकराला सोडून एकमेकांनाच शिकवत बसतात."

आमच्या घरी अगदी हेच चाललं होतं, त्यामुळे मी विषय वाढवला नाही.

बाई शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. आम्ही पुण्याहून नोकरीपायी आलेले मराठी, त्यांचं घराणं निझामाच्या काळापासून इथलंच. त्यांच्या मराठीत 'हौ' आणि 'नक्को' इतक्या सहज यायचे, की सुरुवातीला वृंदाला वाटलं त्या चिडल्यात. नंतर कळलं, की चिडल्यावर त्या अगदी शुद्ध मराठी बोलतात. ते जास्त भयंकर होतं. आमची नावं त्यांनी कधी विचारली नाहीत. मी 'मुक्ताचा बाप', वृंदा 'मुक्ताची आई'. त्या खोलीत यायला तेवढी एकच ओळख लागायची.

दिवस गुरुवारचा. गुरुवारी त्यांचा उपास असायचा आणि "उपासाला मी कुणाचं ऐकून घेत नाही," असं त्या आनंदानं सांगायच्या. आई आणि बाप दोघांनी यायचं. एकटी आई आली की दार अर्धंच उघडायचं. "बाप कुठाय? मीटिंगमध्ये? मग फर्मा पण मीटिंगमध्येच हाय." आणि दार बंद. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. वाचताना एक खास जाच होता. मराठीतल्या अशा पुस्तकांत मुलाला कुणी मूल म्हणत नाही, 'पाल्य' म्हणतात. 'आपल्या पाल्यास सूचना देताना' वगैरे. पहिल्याच वाक्यावर बाईंनी मला अडवलं.

"पाल्य कोण?"

"म्हणजे... मूल."

"कुणाचं?"

"कुणाचंही. पुस्तकात तसं..."

"तुझ्या घरी कुणाचंही राहतं का? नाव घे."

तेव्हापासून जिथे पाल्य येईल तिथे मुक्ता म्हणायचं. ऐकायला सोपं वाटतं. 'पाल्यावर ओरडल्याने पाल्याचा आत्मविश्वास खचतो' हे मी कितीही वेळा, दातात काडी घालूनसुद्धा वाचू शकतो. 'मुक्तावर ओरडल्याने' म्हणताना कालचा माझाच आवाज ऐकू येतो.

पुढच्या गुरुवारी हिशेब द्यायचा, या आठवड्यात काय केलं त्याचा. "ट्राय केलं," असं मी म्हणालो की बाई म्हणायच्या, "ट्राय म्हंजे नाही केलं," आणि तोच फर्मा पुन्हा हातात ठेवायच्या. मुलीला एका वेळी एकच सूचना द्या, असं सांगणाऱ्या फर्म्यात मी इतके आठवडे नापास होत राहिलो, की वृंदा मला घरी 'रिपीटर' म्हणायला लागली. काय करणार? 'डबा ठेव, हात धू, दप्तर आवर आणि आजीला फोन कर' ही मला एकच सूचना वाटायची.

पुस्तकातले दोन भाग बाई कुणालाच देत नसत. एक पहिलं प्रकरण, लक्षणांचं. "ते वाचलं की बाप डॉक्टर होतो," त्या म्हणायच्या. यात तथ्य होतं. बाईंकडे येण्यापूर्वी मी ते कुठेतरी वाचलं होतं आणि त्यातली निम्मी लक्षणं माझ्यात, उरलेली माझ्या मेहुण्यात शोधून काढली होती. दुसरं, शेवटचं प्रकरण. अशा प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी थोर माणसांची यादी असते: हे शास्त्रज्ञ, ते चित्रकार, तो नट, यांनाही लहानपणी वाचता येत नव्हतं. बाई ती पानं फाडून लोणच्याच्या बरणीखाली घालायच्या.

"बाई, पण त्यानं धीर येतो," वृंदा म्हणाली.

"तुला येतो. लेकरू बघतं, आधी वाचता येत नव्हतं, आता शास्त्रज्ञ पण व्हायला सांगून राहिले."

त्या नेहमी बरोबर असायच्या असं मुळीच नाही. एका आईला त्या आमच्यादेखत इतकं टाकून बोलल्या, की ती रडत जिना उतरली आणि पुन्हा आली नाही. त्यानंतर कितीतरी गुरुवार बाईंनी दार सताड उघडं ठेवलं होतं आणि जिन्यावर पाऊल वाजलं की त्या वाक्य अर्धवट सोडून तिकडे बघायच्या. चुकलं, असं मात्र म्हणाल्या नाहीत. स्वतःबद्दल त्या एवढंच बोलल्या होत्या, तेही दोरा ओवताना, आमच्याकडे न बघता. "मी उलटं शिकले. आधी जन्मभर लेकरांना बाकावर उभं केलं, आन् रिटायर झाल्यावर ही पुस्तकं वाचली."

आता बाई काचीगुड्याला नाहीत. जिना झेपेना म्हणून भाची त्यांना निझामाबादला घेऊन गेली. फर्म्यांचं काय झालं, मला ठाऊक नाही. पण त्यांची आठवण निघाली की मला तो फेब्रुवारी आठवतो. शाळेतून फोन आला तो.

मुक्ताची गोष्ट आधी सांगायला हवी. चौथीपर्यंत आम्हाला काही कळलंच नाही, कारण ती पोरगी पुस्तक वाचतच नव्हती. वर्गात बाकीच्यांचं ऐकून धडे पाठ करायची आणि पानावर बोट फिरवत म्हणून दाखवायची. बोट आणि शब्द यांची एकदा चुकामूक झाली तेव्हा वृंदाच्या लक्षात आलं. शाळेत इंग्रजी, तेलुगू, हिंदी आणि घरी मराठी. दिवाळीच्या आधी तपासणी झाली. डिस्लेक्सिया, असं मानसतज्ज्ञांनी सांगितलं. आम्ही तो कागद कपाटात ठेवला. शाळेला दिला नाही, शिक्का बसेल म्हणून. मुक्ताला सांगितलं नाही, योग्य वेळ बघू म्हणून. ती तपासणी म्हणजे खेळ होते, असंच तिला वाटत होतं. घरी मात्र आम्ही रोज तिला म्हणायचो, लक्ष दे.

फोनवर मुख्याध्यापिका फार सौम्य बोलल्या. सहावीत नेणं अवघड दिसतंय. शनिवारी सकाळी या. दाखला तुम्ही स्वतःहून मागितलात तर तिच्या प्रगतिपुस्तकात वाईट काही लिहावं लागणार नाही. आम्ही दुसऱ्या एका शाळेत विचारलं. ते घ्यायला तयार होते, पण पुन्हा पाचवीत. म्हणजे मैत्रिणी पुढे, ही मागे, आणि कारण तिला कुणी सांगणार नाही. मुक्तानं आधीच पुस्तक उघडणं सोडलं होतं. आता शाळाही गेली, तर ती पुन्हा कशाला हात लावेल याची आम्हा दोघांनाही खात्री वाटत नव्हती.

गुरुवारी बाईंकडे जाताना गाडीत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. बोललो असतो तर भांडलो असतो. सह्या करून टाकाव्यात, असं माझं मत होतं. निदान अपमान तरी होणार नाही. वृंदाला ते मत माझ्या गप्प बसण्यातूनच ऐकू येत होतं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. आमच्यासाठी काढून ठेवलेला फर्मा उचलून परत कपाटात टाकला.

"लेकराला काय सांगितलं?"

"अजून काहीच नाही," वृंदा म्हणाली.

"शनिवारचं?"

"नाही."

"त्या तपासणीचं?"

वृंदानं नुसती मान हलवली.

बाई शुद्ध मराठीत म्हणाल्या, "उद्या संध्याकाळी तिला घेऊन या."

"उद्या शुक्रवार आहे," मी म्हणालो. मला खरोखर तेवढंच सुचलं.

"मला वार समजतात."

शुक्रवारी मुक्ता त्या खोलीत आली आणि दारातच थांबली. इतकी पुस्तकं बघून तिचा चेहरा उतरला. दवाखान्यात सुईचा ट्रे दिसल्यावर मुलं होतात तशी. बाईंनी तिला पुस्तकांकडे पाठ येईल अशा खुर्चीत बसवलं, पुढ्यात बशीभर उस्मानिया बिस्किटं ठेवली आणि म्हणाल्या, "तुला काही वाचायचं नाही. आज तुझा बाप वाचणार."

त्यांनी माझ्या हातात जो फर्मा दिला, तो मी पूर्वी पाहिला नव्हता. मुलाला त्याच्या अडचणीबद्दल कसं सांगावं, हे त्यात होतं. मी वाचायला सुरुवात केली. "आपल्या पाल्याला..."

"कुणाला?" बाई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं. डोळ्यांनी विनवलं, आज नको. बाई दाभणात दोरा ओवत होत्या.

"मुक्ताला," मी म्हणालो. मुक्तानं बिस्किटावरून मान वर केली. "मुक्ताला अक्षरं ओळखायला इतर मुलांपेक्षा जास्त वेळ लागतो. मुक्ताच्या हुशारीशी याचा संबंध नाही. मुक्ताच्या या अडचणीला डिस्लेक्सिया असं नाव आहे. हे नाव मुक्तापासून लपवू नये. लपवलं, तर मुक्ता स्वतःच स्वतःला एखादं नाव देते आणि ते..."

नेमकी तेव्हाच आगगाडी आली. बाईंकडे गाडी आली की वाचन थांबवावं लागायचं. खिडकीच्या काचा, बशी, सगळं थडथडायचं. मालगाडी असावी, संपेचना. तिघं मोठी माणसं तीन दिशांना बघत बसलो. मुक्ता एकटी माझ्याकडे बघत होती.

गाडी गेली.

"तुम्हाला केव्हापासून माहितीये?" तिनं विचारलं.

वृंदा म्हणाली, "दिवाळीच्या आधीपासून."

"मग मला रोज लक्ष दे, लक्ष दे का म्हणत होता?"

मी बाईंकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस? मला विचारलं का तिनं?"

"आम्हाला भीती वाटत होती," मी म्हणालो.

"कशाची?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"मला वाईट वाटतच होतं," मुक्ता म्हणाली. रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. तिनं बशी बाजूला सारली आणि विचारलं, "अजून काय काय लपवलंय?"

मग शनिवारचं सांगावंच लागलं. दुसरी शाळा, पुन्हा पाचवी, दाखला, सगळं. ऐकताना ती एकदा दाराकडे बघत होती, एकदा आईकडे. शेवटी म्हणाली, "उद्या मी पण येणार."

"बाई, तुम्हीही चला," वृंदा काकुळतीनं म्हणाली.

"नक्को. मी आले तर मॅडम माझ्याशी भांडतील. मला पण मजा येईल. अन् लेकरू राहील बाजूला."

शनिवारी मुख्याध्यापिकांनी मुक्ताला बाहेर बसायला सांगितलं. ती बसली नाही. "माझ्याबद्दल आहे ना?" तिनं इंग्रजीत विचारलं. सगळं बोलणं इंग्रजीतच होतं. टेबलावर दाखल्याचा अर्ज टाइप करून तयार होता. फक्त सही बाकी होती. पेनसुद्धा त्यांनी टोपण काढून ठेवलं होतं.

"मॅडम, मला डिस्लेक्सिया आहे," मुक्ता म्हणाली. "मला काल सांगितलं."

"काल?" मॅडमनी आमच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी टेबलावरचा पेपरवेट निरखायला लागलो.

त्या वाईट नव्हत्या. थकलेल्या होत्या, आणि हे असं बोलणं त्यांनी अनेकांशी केलं असणार. त्यांनी मुक्ताला विचारलं, "तुला इथे रोज त्रास होतो. दुसरीकडे सोपं जाईल, असं नाही वाटत?"

मी बोलायला तोंड उघडलं. वृंदानं टेबलाखाली माझ्या पायावर सँडल ठेवली आणि उचलली नाही.

मुक्ता टेबलावरच्या त्या अर्जाकडे बघत होती. बाहेर तास संपल्याची घंटा झाली, व्हरांड्यातून वर्ग धावत गेले. मॅडमनी घड्याळ पाहिलं. मला वाटलं, संपलं.

"इथे सोपं नाही," ती म्हणाली. "पण फळा पुसायच्या आधी मला विचारलं तर लिहून होईल. आणि न सांगता उभं करून वाचायला लावू नका. मग मला काहीच दिसत नाही. उत्तरं येतात मला. तोंडी विचारा."

"विचारू?"

"विचारा."

मॅडमनी विज्ञानातलं विचारलं, मग सामाजिक शास्त्रातलं. एक तिला आलं नाही. "हे माहीत नाही," ती म्हणाली. बाकीची आली. मॅडमनी पेनाला टोपण लावलं आणि अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला. फाडला नाही, तेही मी पाहिलं. "सहावीत नेते. सहामाहीला पुन्हा बसू, तिघंही या. आणि तो तपासणीचा कागद सोमवारी माझ्या टेबलावर हवा."

आम्हाला आनंद झाला. मुक्ता मात्र घरी आल्यावर आमच्याशी बोललीच नाही. रविवारी नाही, सोमवारीही नाही. जेवायची, मैत्रिणीकडे जायची, पण आम्हाला कामापुरतंसुद्धा उत्तर नाही. शाळा राहिली होती. पोरगी राहिली का, ते कळत नव्हतं.

गुरुवारी तिला घेऊनच आम्ही काचीगुड्याला गेलो. सगळं ऐकून बाईंनी एकच विचारलं, "कोण बोललं?"

"मुक्ता."

"तू?"

"माझ्या पायावर सँडल होती."

"छान." मग त्या गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिल्या. कपाटाकडे वळेनात.

"बाई, फर्मा," मी आठवण केली.

"तुमचं झालं."

"अहो, अर्ध्याहून जास्त पुस्तक राहिलंय!" ते माझंच पुस्तक होतं, हे मी बोलून दाखवलं नाही.

"पुस्तकात लिहिलेल्या लेकराचं राहिलंय," बाई म्हणाल्या. "तुमचं लेकरू बोलायला लागलं. पुढचं तिला विचारा. मला आता दुसरे आईबाप यायचेत, उठा." आणि खरोखरच त्यांनी आम्हाला जिन्यापर्यंत हाकललं. मुक्ताला तेवढं बशीतलं एक बिस्किट मिळालं.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मी धीर करून म्हणालो, "मग? आम्ही आता काय करायचं?"

मुक्तानं बिस्किट संपवलं. हात झटकले. त्या आठवड्यातलं पहिलं वाक्य मला उद्देशून आलं.

"आज गाडी राहू दे इथंच, बसनं जायचं. आणि कुठली बस, ते बाबा सांगणार. नंबर बघायचा नाही. तेलुगू वाचायचं."

आयुष्यातली अठरा वर्षं मी हैदराबादेत काढली आहेत. नंबराच्या जोरावर काढली आहेत. स्टॉपवर गर्दी होती, बस आली, आणि मी कपाळावर हात आडवा धरून पाटीकडे बघू लागलो. तेलुगूत बहुतेक अक्षरांच्या डोक्यावर बरोबरची खूण असते. इतक्या बरोबरच्या खुणा आणि मला त्यातलं एक अक्षर लागेना. एक लागलं असं वाटलं, तोवर पुढच्यानं दगा दिला. मागून माणसं ढकलत होती. कंडक्टर ओरडत होता. मला घाम फुटला. कुणीतरी "क्या देखरै साब, चढो नै तो हटो!" म्हणालं आणि होतं नव्हतं तेवढं अक्षरही डोळ्यांपुढून गेलं.

"अरे, ही आपलीच..." वृंदा म्हणाली.

"आई, सांगू नकोस," मुक्ता म्हणाली. तिनं माझ्या शर्टाची बाही धरली होती, मला कुणी धक्का देऊन बाजूला करू नये म्हणून. "वाचू दे बाबाला."

बस गेली. मुक्ता माझी बाही न सोडता पुढच्या बसची वाट बघत राहिली.